एकेचाळीस सारखी उत्तरं

तिला खरं नाव होतं. बाप्तिस्म्याच्या वेळी पाळकांनी ते चांगलं खणखणीत आवाजात उच्चारलंही होतं, पण पुढे ते फारसं वापरात आलंच नाही. सातव्या वर्षापासून अख्खी मंडळी, म्हणजे चर्चमधली सगळी माणसं, तिला 'गाईड' म्हणते. संडे स्कूलमध्ये प्रश्न पुरता संपायच्या आत हिचा हात वर. बाकीची पोरं खिडकीबाहेर बघत बसायची आणि बाई रागावल्या की हिच्या वहीत डोकावायची. परीक्षेच्या आदल्या दिवशी लोक दुकानातून गाईड विकत आणतात, ही इथे फुकट होती. बरोबर उत्तरांबद्दल तिला दरवर्षी एक कंपासपेटी मिळे. अशा सहा कंपासपेट्या तिच्याकडे अजून आहेत आणि त्यातल्या चारांत आता बसचे फ्यूज ठेवलेले असतात.

कारण गाईड शाळेची बस चालवते. वय सव्वीस. तिच्या आधी याच शाळेची बस तिच्या बाबांनी बत्तीस वर्षं चालवली. मग त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले आणि त्यांनी स्टेअरिंग सोडलं. मुलगी चालवेल म्हटल्यावर मुख्याध्यापिकांनी भुवया उंचावल्या. पहिल्या दिवशी त्या मागच्या सीटवर ताठ बसून परीक्षा घेत आल्या आणि दुसऱ्या दिवशी तिथेच त्यांना डुलकी लागली. तेव्हापासून नोकरी पक्की.

शाळा रस्त्याच्या एका बाजूला, चर्च बरोबर समोर दुसऱ्या बाजूला. मधला रस्ता घाऊक बाजाराकडे जाणारा, त्यामुळे दिवसभर ट्रकची रांग. पण शाळेपुढे सिग्नल आहे. आठवड्याचे सहा दिवस तो इमानेइतबारे लाल होतो आणि पोरं बडबडत रस्ता ओलांडतात. रविवारी मात्र शाळा बंद म्हणून त्याला सुट्टी. दिवसभर नुसता पिवळा दिवा मिचमिचत राहतो आणि ट्रकवाल्यांना मोकळं रान मिळतं. आता रविवारी कोणाला रस्ता ओलांडायचा असतो? चर्चला जाणाऱ्यांना. मंडळीची वस्ती आणि बसथांबा शाळेच्या बाजूला, देव समोरच्या बाजूला.

यावर चर्चच्या तरुण संघानं फार वर्षांपूर्वी एक उपाय काढला होता. चर्चच्या दाराशी खुंटीला दोन लाल फडकी टांगलेली असतात. रविवारी पावणेदहाला संघातले दोघं ती घेऊन रस्त्यात उतरायचे, दोन्ही बाजूंचे ट्रक थोपवायचे आणि काठ्या, चष्मे, गुडघे असलेली सगळी माणसं सुखरूप पलीकडे न्यायची. उपासना संपल्यावर पुन्हा तसंच, उलट्या दिशेनं. याला 'पाळी' म्हणत. बाबांना हाताला धरून नेणं हे काम गाईड दुसऱ्या कोणाला देत नसे. बाबा अर्ध्या रस्त्यात हमखास थांबून एखाद्या ट्रकच्या टायरकडे बघत आणि म्हणत, "हवा कमी आहे." मागे दहा हॉर्न बोंबलत असले तरी त्यांचं निदान पूर्ण झाल्याशिवाय पाऊल पुढे पडत नसे.

तर या सगळ्यात एके रविवारी चर्चच्या मुख्य कार्यालयाकडून एक गठ्ठा आला. पाळकसाहेबांनी उपासनेनंतर तरुणांना थांबवून घेतलं आणि प्रत्येकाच्या हातात एकेक फॉर्म ठेवला. वर लिहिलं होतं: तरुण, विश्वास आणि सार्वजनिक जीवन. खाली सात प्रश्न. मतदान करता का? पक्षांविषयी काय वाटतं? सार्वजनिक प्रश्नांवर सभा, निवेदनं यांत तरुणांनी भाग घ्यावा का? असं करत करत सातवा: तुमच्या विश्वासाचा तुमच्या सार्वजनिक जीवनाशी काय संबंध आहे, एका वाक्यात लिहा.

"पुढच्या रविवारपर्यंत भरून द्या," पाळकसाहेब म्हणाले. "मनापासून भरा."

मनापासून भरा म्हटल्यावर संघ जे करत आला होता तेच त्यानं केलं. मंगळवारी दुपारी ग्रुपवर पहिला मेसेज मोबाईलवाल्याचा. हा मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो आणि चर्चमध्ये कीबोर्ड वाजवतो. त्यानं लिहिलं, "गाईड, उत्तरं टाक." त्याखाली लगेच अठरा अंगठे.

दुपारची फेरी सुटायला वीस मिनिटं होती. गाईडनं स्टेअरिंगवर फॉर्म ठेवला आणि सराईत हातानं भरून टाकला. पाळकसाहेबांना काय आवडेल हे तिला सातव्या वर्षापासून पाठ होतं. मतदान करता का? हो, प्रार्थनापूर्वक. पक्ष? आम्ही पक्षांपासून दूर राहतो. सभा, निवेदनं? नाही, आम्ही अशा गोष्टींत भाग घेत नाही, आम्ही अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करतो. सातवं उत्तर तर इतकं गुळगुळीत झालं की तिला स्वतःचाच अभिमान वाटला: आम्ही प्रार्थना करतो व बाकी सर्व प्रभूवर सोपवतो. फोटो काढला, ग्रुपवर टाकला, बस सुरू केली.

हे सगळं खरं आहे का, असा प्रश्न तिला पडला नाही. खोटं सांगण्यात अर्थ नाही, तेव्हा खरंच पडला नाही. संडे स्कूलमध्ये तो कोणी कधी विचारलाच नव्हता.

रविवारी एकेचाळीस फॉर्म जमा झाले. एकेचाळिसांची सातही उत्तरं शब्दाशब्दाला सारखी. काहींनी तर इतक्या निष्ठेनं उतरवून घेतलं होतं की वयाच्या रकान्यातही सव्वीस आणि व्यवसायाच्या रकान्यात 'बसचालक'. दाढीवाल्या सुतारासकट चौघं जण एका आठवड्यात बसचालक झाले होते. पण पाळकसाहेबांचं तिकडे लक्ष गेलं नाही. त्यांनी आशीर्वादाच्या आधी फॉर्म हातात उंच धरले आणि त्यांचा आवाज भरून आला.

"एकेचाळीस तरुण," ते म्हणाले, "आणि एक मन!"

मंडळीनं माना डोलावल्या. बाबांनी अभिमानानं गाईडच्या हातावर थोपटलं. मोबाईलवाल्यानं कीबोर्डमागे तोंड लपवलं. गाईडलाही हसू आलं, पण घरी पोचेपर्यंत ते कुठेतरी जिरून गेलं.

बुधवारी सकाळी सिग्नलच्या खांबावर महापालिकेची नोटीस चिकटलेली होती. ट्रकची कोंडी होते, सबब शाळेसमोरील सिग्नल कायमस्वरूपी काढण्याचं प्रस्तावित आहे. पादचाऱ्यांनी तीनशे पावलांवरील पूल वापरावा. सुनावणी येत्या रविवारी सकाळी दहा वाजता, शाळेच्या सभागृहात. परिसरातील संस्थांकडून लेखी मत मागवण्यात आलं आहे.

गाईडनं बस थांबवून नोटीस दोनदा वाचली. त्या पुलाला सेहेचाळीस पायऱ्या आहेत चढायला आणि तेवढ्याच उतरायला, हे तिला ठाऊक होतं, कारण एकदा बाबांनी हट्टानं मोजल्या होत्या आणि नंतर चार दिवस पलंग सोडला नव्हता. पोरं तर पुलाकडे ढुंकूनही बघणार नव्हती. मागच्या वर्षी एका दुपारी वीज गेली, सिग्नल बंद पडला, आणि पहिलीतली एक मुलगी, पलीकडे न्यायला आलेले आजोबा दिसताच, बसमधून उतरून सरळ त्यांच्याकडे धावली. ट्रक तिच्या दप्तरावरून गेला. फक्त दप्तरावरून. डबा असा चपटा झाला होता की पाटीसारखा दिसत होता. गाईडला अजूनही ब्रेक दाबताना कधी कधी तो डबा दिसतो.

संध्याकाळी तिनं जेवताना विषय काढला.

"रविवारी सुनावणीला जायचं म्हणते, बाबा. संघातले सगळे मिळून."

बाबांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "उपासना सोडून?"

"त्यांनी वेळच ती ठेवलीय."

"हे बघ, आपण मूठभर लोक. आपलं चर्च बरं, आपण बरं. मी बत्तीस वर्षं बस चालवली, एकदा तरी कोणाशी हुज्जत घातली?"

"तुमच्या वेळी सिग्नल होता."

"माझ्या वेळी पहिली पंधरा वर्षं नव्हता," बाबा म्हणाले. ती पंधरा वर्षं कशी गेली हे त्यांनी घरात कधी सांगितलं नव्हतं. आजही सांगितलं नाही. नुसते म्हणाले, "पाळकसाहेबांना विचार. ते म्हणतील तसं."

गुरुवारी दुपारची फेरी संपवून ती पाळकसाहेबांच्या खोलीत गेली. एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीला टेकलेली सायकल. पाळकसाहेब खुशीत होते.

"ये ये. तुझीच आठवण काढत होतो. महापालिकेचं पत्र आलं होतं, सिग्नलबद्दल मंडळीचं मत काय म्हणून. सकाळीच उत्तर पाठवलं."

"काय उत्तर?"

"काय असणार? मंडळीला कोणतीही हरकत नाही. आमचे तरुण अशा गोष्टींत पडत नाहीत, तसं एकेचाळीस जणांनी एकमतानं लिहून दिलंय. प्रतीसुद्धा जोडल्या." त्यांनी प्रेमानं तिच्याकडे पाहिलं. "बाळ, आपल्यासारख्या लहान मंडळीनं कोणाच्या डोळ्यावर येऊ नये. तीस वर्षं मी हेच सांभाळत आलो. तुम्ही पोरांनी न सांगता ओळखलंत."

तिनं खुर्चीची पाठ धरली. आयुष्यभर बरोबर उत्तरं दिल्यावर माणसाला एक सवय लागते, समोरच्याचा चेहरा उजळलेला बघायची. आणि समोर तोच चेहरा होता, अगदी तसाच उजळलेला.

"पाळकसाहेब, ती उत्तरं माझी आहेत."

"तुझाही फॉर्म आहे ना त्यात."

"माझाच आहे. बाकीचे चाळीस माझेच आहेत. मी फोटो काढून ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी उतरवून घेतलं. सुताराचा फॉर्म काढा, त्यात बसचालक लिहिलंय."

पाळकसाहेबांनी गठ्ठा ओढला. एक पाहिला, दुसरा पाहिला. सुताराच्या फॉर्मवर त्यांचं बोट बराच वेळ थांबलं.

"म्हणजे ही तुमची मतं नाहीत."

"आमची काय मतं आहेत ते मलाही माहीत नाही. माझं मत काय आहे तेही मी विचारलं नव्हतं स्वतःला. तुम्हाला काय आवडेल ते लिहिलं."

हे ऐकून ते चिडले असते तर तिला सोपं गेलं असतं. ते चिडले नाहीत. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, आणि त्यांचे डोळे चष्म्याविना एकदम म्हातारे दिसले.

"संडे स्कूलमध्ये कंपासपेट्या मीच आणायचो," ते म्हणाले.

"मला माहीत आहे."

"पत्र गेलंय. आता काय सांगू त्यांना, की आमच्या पोरांनी कॉपी केली?" त्यांनी फॉर्मच्या कडा जुळवल्या. "खरी उत्तरं आण. शनिवारपर्यंत. मग बघू."

बघू म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. तिला कामाला लागायचं होतं.

शनिवारी चार वाजता तिनं शाळेच्या परवानगीनं बस चर्चसमोर उभी केली आणि दाराशी स्वतः उभी राहिली. आत येणाऱ्या प्रत्येकाचा मोबाईल एका पिशवीत जमा. एका बाकावर एकच माणूस. चाळिसांतले सत्तावीस जण आले, तेव्हा दोन पाळ्या कराव्या लागल्या. प्रत्येकाला एक कोरा फॉर्म आणि एक पेन.

"उत्तरं?" मोबाईलवाल्यानं सवयीनं विचारलं.

"गाईड बंद झालंय," ती म्हणाली. "बस तिकडे, खिडकीजवळ."

बसमध्ये अशी शांतता पसरली की पंखा असता तर ऐकू आला असता. मोठी माणसं पहिलीतल्या पोरांच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसली होती आणि पेनं चावत होती. दाढीवाला सुतार तब्बल दहा मिनिटं व्यवसायाच्या रकान्याकडे बघत होता. शेवटी त्यानं 'सुतार' लिहिलं आणि मोठा सुस्कारा सोडला.

सहा वाजता गाईडनं ते फॉर्म मागच्या बाकावर बसून वाचले, आणि वाचता वाचता तिला कळेना हसावं की रडावं. वीस वर्षं ज्यांच्या शेजारी बसून गाणी म्हटली त्यांना ती पहिल्यांदा भेटत होती. अकरा जणांनी कधीच मतदान केलेलं नव्हतं आणि त्यातल्या नऊ जणांना त्याची लाज वाटत होती. दोन सख्खे भाऊ एकमेकांच्या विरुद्ध पक्षांचे पक्के कार्यकर्ते निघाले, आणि दोघांनीही खाली लिहिलं होतं की हे दुसऱ्याला कळू देऊ नये. एकानं लिहिलं होतं, "माझा देवावर विश्वास आहे, पुढाऱ्यांवर नाही, आणि मंडळीच्या कमिटीवर तर मुळीच नाही." गाण्याच्या पहिल्या रांगेतल्या लाजाळू मुलीनं लिहिलं होतं, "मला पुढेमागे निवडणूक लढवायची आहे. आईला सांगू नये." मोबाईलवाला: "मी गाण्यासाठी येतो. विश्वासाचं अजून ठरत नाही. ठरलं की कळवीन." सरकारी दवाखान्यातल्या नर्सनं सातव्या प्रश्नाखाली जागा पुरली नाही म्हणून कागद उलटा केला होता. तिनं लिहिलं होतं की वॉर्डात ऑक्सिजन कमी पडतो तेव्हा मी प्रार्थना करते आणि वरच्या साहेबांना अर्जही लिहिते, मला दोन्ही एकाच हातानं केलेलं काम वाटतं.

सत्तावीस फॉर्म आणि सत्तावीस माणसं. एकही उत्तर दुसऱ्यासारखं नव्हतं. फक्त तिसऱ्या प्रश्नाला, सभा आणि निवेदनं यांत भाग घ्यावा का, याला बावीस जणांनी 'हो' म्हटलं होतं.

अठ्ठाविसावा फॉर्म तिचा स्वतःचा. सहा उत्तरं तिनं भरली. सातव्यापाशी पेन थांबलं ते थांबलंच. जुनं गुळगुळीत वाक्य हाताच्या टोकाशी तयार होतं, ते तिनं येऊ दिलं नाही, आणि दुसरं काही आलं नाही. ती जागा कोरी ठेवून तिनं गठ्ठा पाळकसाहेबांच्या हातात दिला.

"उद्या उपासनेत पहिला पाठ वाचायची पाळी तुझी आहे," ते म्हणाले.

"उद्या मी सुनावणीला असेन, पाळकसाहेब. ज्यांना यायचंय ते येतील. तुम्हाला न सांगता गेले असं व्हायला नको."

त्यांनी 'जा' म्हटलं नाही, 'जाऊ नको' म्हटलं नाही. गठ्ठा काखेत मारून ते आत गेले.

रविवारी पावणेदहाला लाल फडकी रस्त्यात आली, ट्रक थांबले, माणसं पलीकडे गेली. बाबांनी एका टायरची हवा कमी असल्याचं जाहीर केलं आणि चर्चच्या पायरीवर गाईडचा हात सोडला. ती परत फिरताना त्यांनी विचारलं, "किती जण आहात?"

"चौदा."

"चौदा," बाबा म्हणाले, जणू तो आकडा कुठेतरी दुखत होता.

चौदा जण शाळेच्या सभागृहात पहिल्या दोन रांगांत बसले. बाजाराचे व्यापारी, ट्रक मालक आणि पाचसहा पालक आधीच आलेले होते. फक्त रहदारी विभागाचे अभियंतासाहेब आले नव्हते. ते दहा चाळीसला आले, घाम पुसत. रविवार असल्यामुळे त्यांचाही चेहरा रविवार वाया गेल्यासारखाच होता. प्रस्ताव वाचून झाला. व्यापाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग साहेबांनी फाईल उघडली.

"संस्थांची मतं. समोरच्या चर्चचं पत्र आहे. हरकत नाही. शिवाय त्यांच्या एकेचाळीस तरुणांनी लेखी कळवलंय की ते अशा गोष्टींत भाग घेत नाहीत." त्यांनी समाधानानं पान उलटलं. "म्हणजे नेहमी पायी रस्ता ओलांडणाऱ्यांचीच हरकत नाही."

गाईड उठली. बस चालवणारीचा आवाज चाळीस पोरांच्या वर जायला शिकलेला असतो.

"साहेब, ती उत्तरं मी लिहिलीत. सगळी एकेचाळीस. ती खोटी आहेत."

सभागृहात कुजबुज झाली. अभियंत्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही कोण?"

"या शाळेची बसचालक. आणि त्या चर्चची सभासद."

"कोणत्या पक्षाच्या?"

"आमच्यात एक याचा आहे, एक त्याचा आहे, दोघं भाऊ आहेत आणि दोघं इथेच बसलेत," ती म्हणाली, आणि मग जीभ चावली. दोन्ही भावांनी एकमेकांकडे पाहिलं. "आम्ही पक्षाचे म्हणून आलो नाही. सिग्नल गेला तर पोरं मरतील. माझ्या बसमधली."

"बाई, भावना समजू शकतो. पण सिग्नल नसला तर नक्की काय होईल याचा तुमच्याकडे काही पुरावा? मोजणी? अहवाल?"

तिच्याकडे नव्हता. चपट्या डब्याची गोष्ट होती, ती तिनं सांगितली. अभियंत्यांनी ती एका ओळीत टिपून घेतली आणि घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजून पाच मिनिटं. गाईडला वाटलं, आपण हे हरलो.

तेवढ्यात बाहेर हॉर्न सुरू झाले.

आधी एक, मग पाच, मग सगळी रांग. सभागृहाच्या खिडक्या रस्त्याच्या बाजूला आहेत. अभियंतासाहेब वैतागून उठले आणि खिडकीशी गेले. गाईडही गेली. उपासना संपली होती. पाळीची माणसं तर इथे सभागृहात बसली होती. मंडळी पलीकडच्या फूटपाथवर अडकली होती, आणि हे चौदातल्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

पण रस्त्याच्या मधोमध कोणीतरी उभं होतं. पांढरा झगा, दोन्ही हात आडवे, दोन्ही हातांत लाल फडकी. पाळकसाहेब. समोर हातभर अंतरावर एक ट्रक गुरगुरत होता, आणि पाळकसाहेब त्याच्याकडे तीस वर्षांत कोणाकडे पाहिलं नसेल असे डोळे वटारून बघत होते. त्यांच्या मागून मंडळी येत होती. काठ्या, चष्मे, कडेवरची पोरं. एकदा एक मोटारसायकल फडक्याखालून निसटली आणि एका आजीबाईंच्या पदराला घासून गेली. सभागृहात कोणीतरी "अरे अरे!" करून ओरडलं. तो बाजाराचा व्यापारी होता.

सगळ्यात मागे बाबा. एकटे. झग्याची कड धरून. यावेळी ते कुठल्याही टायरकडे बघायला थांबले नाहीत.

"रविवारी सिग्नल बंद असतो, साहेब," गाईड म्हणाली, आणि बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की उत्तर कधीचं तिथेच होतं, दर रविवारी, पिवळं मिचमिचत. "सिग्नल नसला की काय होतं ते हे. तुम्ही तो काढलात की रोज हेच होणार. फक्त फडकी घेऊन कोणी नसेल, आणि ओलांडणारी सहा वर्षांची असतील."

अभियंतासाहेब खिडकीपासून हलले नाहीत. घड्याळाकडेही त्यांनी पाहिलं नाही.

मंडळी सभागृहात शिरली तेव्हा खुर्च्या पुरल्या नाहीत. पाळकसाहेबांचा झगा घामानं पाठीला चिकटला होता. ते सरळ टेबलापाशी गेले.

"ते पत्र माझ्या सहीचं आहे. मी ते परत घेतो." त्यांनी झग्याच्या खिशातून गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. "ही आमच्या तरुणांची खरी मतं. माझ्याशी फारशी जुळत नाहीत. काल सगळी वाचली. तीस वर्षांत माझ्या एवढ्या चुका कोणी काढल्या नव्हत्या."

"तुम्ही एकूण किती जण?" अभियंत्यांनी नोंदीसाठी विचारलं.

पाळकसाहेब मोजायला वळले, पण त्याआधी मागून आवाज आला. बाबा भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी आयुष्यात कधी सभेत तोंड उघडलं नव्हतं.

"मूठभर आहोत, साहेब," ते म्हणाले. "पण हा रस्ता ओलांडायला आम्हाला आत्ता चार मिनिटं लागली. आणि सिग्नल यायच्या आधी पंधरा वर्षं मी याच रस्त्यावर बस चालवलीय. त्या पंधरा वर्षांत तीन पोरं गेली. तिघांची नावं मला पाठ आहेत. हवी तर लिहून घ्या."

अभियंत्यांनी पेन उचललं. बाबांनी तीनही नावं सांगितली, सावकाश, इयत्तेसकट. गाईड त्यांच्याकडे बघत राहिली. सव्वीस वर्षं ती या माणसाच्या घरात वाढली होती, आणि त्यांनाही ती आजच भेटत होती.

तीन आठवड्यांनी खांबावर नवी नोटीस लागली. सिग्नल राहणार. लाल दिवा आठ सेकंद वाढवलेला, आणि रविवारीही सकाळी नऊ ते एक चालू. व्यापाऱ्यांनी कुरकुर केली, पण 'अरे अरे' म्हणणारा गप्प होता.

त्याच दुपारी पाळकसाहेब शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. हातात एक फॉर्म.

"मुख्य कार्यालयाकडे उद्या पाठवतोय. सत्तावीस पूर्ण आहेत, तुझा अर्धवट. सातवा प्रश्न."

"काय लिहू?" ती सवयीनं म्हणाली, आणि दोघंही हसले.

"मला काय विचारतेस? गाईड बंद झालंय म्हणे," पाळकसाहेब म्हणाले, आणि सायकलवर टांग टाकून गेले.

बसमध्ये पोरं भरली. सिग्नलला लाल दिवा लागला. गाईडनं ब्रेक दाबला, फॉर्म स्टेअरिंगवर ठेवला आणि कानामागचं पेन काढलं. समोरून चपट्या डब्याची ती मुलगी, आता दुसरीतली, नवं दप्तर उडवत रस्ता ओलांडत होती, पलीकडे तिचे आजोबा उभे होते. वाढवलेल्या आठ सेकंदांत गाईडनं एक वाक्य लिहिलं: रविवारी पावणेदहाला मी बाबांचा हात धरून रस्ता ओलांडते, आणि सिग्नल जायची वेळ आली की सभेत उभी राहते.

तिनं ते एकदा वाचलं. खरं होतं. बरोबर आहे का, हे तिनं कोणाला विचारलं नाही.

"ताई, हिरवा!" मागून चाळीस आवाज एकदम ओरडले, आणि तिनं गिअर टाकला.